गच्चीवरची तार आणि रिमोट ट्यूनर: नाशिकच्या फ्लॅटमधून पुन्हा हॅम रेडिओवर येताना

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला, म्हणजे २ नोव्हेंबरला, आम्ही सिडकोतले बैठे घर सोडून गंगापूर रस्त्यावरच्या एका पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. सामान लावून झाल्यावर सगळ्यात शेवटी मी हॅम रेडिओचे, म्हणजे परवाना घेऊन हौस म्हणून दूरदूरच्या लोकांशी बोलायच्या रेडिओचे, खोके उघडले, आणि जुन्या घरी दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली माझी वीस मीटरची डायपोल (मध्यातून केबल जोडलेली तारेची) अँटेना इथे कुठेच मावणार नाही, हे तेव्हा पहिल्यांदा नीट उमगले. गच्ची सामाईक, इमारतीला नुकताच रंग दिलेला, आणि त्या रंगकामाच्या वेळी समितीने भिंतींवरच्या जुन्या डिशसुद्धा काढायला लावलेल्या. तिथून पुन्हा नियमितपणे रेडिओवर यायला मला नऊ-दहा महिने लागले. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यामुळे ज्यांचा रेडिओ कपाटात गेला आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात कागदांपासून झाली. माझा परवाना रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा आहे, म्हणजे कॉलसाइन (रेडिओवरचे ओळखनाव) व्हीयू३ ने सुरू होतो आणि शक्तीची मर्यादा ५० वॉट आहे. परवान्यावर केंद्राचा, म्हणजे रेडिओ जिथून चालवायचा त्या जागेचा, पत्ता छापलेला असतो, त्यामुळे राहते घर बदलले की पत्ता बदलून घ्यावा लागतो. नव्या घराच्या करारनाम्याची प्रत आणि वीजबिल जोडून मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज केला आणि डिसेंबर संपता संपता नवा पत्ता असलेला कागद हाती आला. तोवर मी प्रक्षेपण केले नाही, फक्त ऐकत राहिले. इथे एक सूचना करावीशी वाटते. वीजबिल नव्या नावावर व्हायला वेळ लागतो आणि पुढची बरीच कामे त्यावर अडतात, म्हणून घर बदलताना ते काम सर्वांत आधी हातात घ्यावे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना समांतर पाच मीटर वायर बांधून पाहिली. माझ्या आयकॉम आयसी-७३०० या रेडिओमध्ये ट्यूनर, म्हणजे रेडिओ आणि अँटेना यांची विद्युत जुळणी करणारा भाग, आहे, पण तो साधारण ३:१ एसडब्ल्यूआरपर्यंतच सांभाळून घेतो (हा आकडा १:१ च्या जितका जवळ तितकी जुळणी चांगली), आणि माझी ती आखूड वायर ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याच्या आवाक्यापलीकडची होती. एका स्नेह्यांकडून हाताने फिरवायचा ट्यूनर आणून टेबलावर ठेवला. त्याने सुई खाली आणून दाखवली, पण माइकला ओठ लागला की चटका बसू लागला, आणि प्रक्षेपणाचे बटण दाबले की संगणकाचा माउस जागच्या जागी थिजू लागला. सासूबाई बाल्कनीत कपडे वाळत घालत असताना ती वायर डोक्यावरून जाते, हे लक्षात आल्यावर मी ती त्याच दिवशी सोडून ठेवली.

त्या आठवड्यात पुण्याच्या एका ज्येष्ठ हॅमशी फोनवर बोलणे झाले आणि त्यांनी मला वहीवर हिशेब मांडायला लावला. समजा ट्यूनर खोलीत ठेवला आणि तिथून गच्चीपर्यंत आरजी-५८ जातीची २० मीटर केबल टाकली. सगळे जुळलेले असेल तर १४ मेगाहर्ट्झवर त्या केबलमध्ये एक डेसिबलच्या थोडी वर हानी होते. पण वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर १०:१ असेल, तर ऊर्जा त्या केबलमध्ये पुन्हा पुन्हा मागेपुढे फिरते आणि हानी साडेतीन डेसिबलच्या वर जाते. म्हणजे माझ्या ५० वॉटपैकी जेमतेम २१-२२ वॉट तारेपर्यंत पोहोचणार आणि उरलेले केबल तापवण्यात जाणार. खोलीतला ट्यूनर रेडिओला सगळे ठीक असल्याचे दाखवतो खरा, पण केबल आणि तार यांच्यामधली विजोड जोडी तशीच राहते. ट्यूनर तारेच्या बुडाशी बसवला तर मात्र केबलला दोन्ही टोकांना ५० ओहमच दिसतात आणि ती लांब असली तरी फारसे बिघडत नाही. “ट्यूनर रेडिओजवळ ठेवू नका ताई, तारेजवळ ठेवा,” हे त्यांचे वाक्य मी वहीच्या त्या पानावर वरच लिहून ठेवले.

आता गच्ची लागणार होती. १२ जानेवारी २०२५ च्या रविवारी सोसायटीच्या कार्यकारी समितीची मासिक सभा होती. त्याआधी दोन दिवस मी लेखी अर्ज, परवान्याची प्रत आणि हाताने काढलेला गच्चीचा नकाशा सेक्रेटरी काकांकडे दिला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घेतली. ही पोहोच पुढे दोनदा उपयोगी पडली, तेव्हा ती घ्यायला संकोच करू नये. रात्रीतून गुपचूप तार बांधून टाकण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. तो मी मानला नाही, कारण अँटेना नजरेला खुपू नये एवढेच मला हवे होते, शेजाऱ्यांपासून ती लपवायची नव्हती. शिवाय उद्या कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तर पहिला संशय त्या चोरट्या तारेवरच आला असता, आणि तो रास्तही ठरला असता.

सभेतले प्रश्न अगदी सरळ होते. वीज आकर्षित होईल का, टीव्ही बिघडेल का, मोबाइल टॉवरसारखे काही आहे का. मी प्रत्येकाला जमेल तितके नेमके उत्तर दिले आणि वीज चमकत असताना यंत्रणा बंद असेल व तारा सुटलेल्या असतील, हे लिहून द्यायची तयारी दाखवली. खरा पेच सेक्रेटरी काकांनीच काढला. “ताई, परवा संक्रांत आहे. सगळी पोरं गच्चीवर असतात. तुमची तार त्यांच्या मानेला लागली किंवा मांजा तिच्यात अडकला, तर कोण बघणार?” हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. मी तिथेच कबूल केले की संक्रांतीच्या दिवसांत तार उतरवून ठेवीन, आणि म्हणूनच पुढे ती पक्की न बांधता कप्पीवरून चढवता-उतरवता येईल अशी केली.

फेब्रुवारीच्या सभेला पुरेसे सदस्य आले नाहीत. ९ मार्चच्या सभेत ठराव झाला आणि त्यात ५०० रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र मागितले गेले. मुद्रांक आणि नोटरी मिळून ६५० रुपये लागले. हमीपत्रात चार गोष्टी होत्या: तार जमिनीवरून दिसू नये, गच्चीवर चालणाऱ्याच्या हाताला लागू नये, संक्रांतीला उतरवावी, आणि कुणाच्या उपकरणाला त्रास झाल्याची तक्रार आली तर ती सुटेपर्यंत प्रक्षेपण थांबवावे. चारही अटी मला योग्य वाटल्या. १६ मार्चला सही-शिक्क्याचे पत्र मिळाले.

ट्यूनर मात्र मी मनाशी ठरवून ठेवला होता. आयकॉमचा एएच-४ हा माझ्या रेडिओला थेट जोडता येतो, १२० वॉटपर्यंत चालतो आणि सात मीटर किंवा त्याहून लांब तार असेल तर साडेतीन मेगाहर्ट्झपासून पुढचे बँड ट्यून करतो. रेडिओवरचे बटण क्षणभर दाबून धरले की साधारण १० वॉटवर तो आतली कॉइल आणि कपॅसिटर रिलेने (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचने) अदलून-बदलून जुळणी शोधतो, आणि दोन-तीन सेकंदांत काम होते. पुण्याच्या एका हॅमकडून जुना पण जपून वापरलेला एएच-४ मला २४,००० रुपयांना मिळाला. ज्यांचा रेडिओ दुसऱ्या कंपनीचा आहे त्यांनी सीजी-३००० सारखा, फक्त १२ व्होल्ट आणि रेडिओची शक्ती मिळाली की आपोआप जुळणारा ट्यूनर पाहावा. एटीयू-१०० हा खुल्या आराखड्याचा संच बराच स्वस्त पडतो, पण त्याला पाणबंद डबा आपला आपणच करावा लागतो, आणि त्यातल्या सातही कॉइल मिळून सुमारे साडेआठ मायक्रोहेन्रीच होत असल्यामुळे खालच्या बँडवर आखूड तारेला तो पुरा पडत नाही.

तारेची लांबी ठरवताना एक नियम कटाक्षाने पाळायचा असतो: आपण वापरणार त्या कुठल्याही बँडवर ती अर्ध्या तरंगलांबीच्या किंवा तिच्या पटीच्या जवळ येता कामा नये. तसे झाले तर तारेच्या बुडाशी रोध हजारो ओहमवर जातो आणि ट्यूनर हात टेकतो. १४ मेगाहर्ट्झला ही अर्धी लांबी सुमारे १० मीटर आणि ७ मेगाहर्ट्झला सुमारे २० मीटर येते. मी साडेबारा मीटर घेतली, कारण गच्चीच्या टाकीपासून समोरच्या कठड्याच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर तेवढेच होते आणि ती ४०, २० आणि १५ मीटर (७, १४ आणि २१ मेगाहर्ट्झ) या माझ्या तिन्ही बँडच्या अडचणीच्या लांब्यांपासून दूर राहते. करड्या आवरणाची बारीक वायर, टोकाला नायलॉनची दोरी, आणि मधे सोलर हीटरच्या स्टँडला पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचा आधार, एवढाच तिचा पसारा आहे. सगळीकडे ती अडीच मीटरपेक्षा उंच आहे.

१३ आणि १४ एप्रिलला लागून सुट्टी होती. इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन पाण्याच्या टाकीमागे ट्यूनरचा डबा बसवला आणि डक्टमधून आरजी-२१३ जातीची २० मीटर केबल खाली आणली. त्या दिवसांत गच्चीवर वाळवण जोरात होते. कुरडया आणि बटाट्याचे पापड घातलेल्या साड्यांच्या मधून वाट काढत आम्ही ड्रिल चालवले, तेही वाळवणावर धूळ उडू नये म्हणून सकाळी सातच्या आत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारले, “अगं, ह्या तारेत करंट असतो का?” मी सांगितले की मी बोलत असते तेव्हा असतो, आणि तेव्हा हात लावला तर भाजेल, म्हणूनच ती हाताला लागणार नाही एवढी उंच बांधली आहे. त्यांनी मान हलवली आणि सुनेला साडी टाकीपासून दोन हात लांब सरकवायला सांगितली. मीही त्यांना शब्द दिला की वाळवण गच्चीवर असेल तोवर दिवसा प्रक्षेपण करणार नाही.

त्याच संध्याकाळी पहिली चूक समोर आली. बटण दाबले की ट्यूनरमधले रिले तडतडायचे आणि काही न जुळताच थांबायचे. मी आधी ट्यूनरवर संशय घेतला, पण दोष माझ्या केबलचा होता. ट्यूनरला १३.८ व्होल्ट पुरवणारी चार तारांची केबल मी पाव स्क्वेअर एमएमची घेतली होती. वीस मीटर जाऊन-येऊन चाळीस मीटर होतात, आणि एवढ्या बारीक तारेत एका अँपिअरला पावणेतीन व्होल्ट वाटेतच पडतात. मल्टिमीटरने वर मोजले तर रिले ओढत असताना ११.१ व्होल्ट येत होते. २० एप्रिलला एक स्क्वेअर एमएमची केबल टाकली, आकडा १३.१ वर गेला आणि ट्यूनरने पहिल्याच दाबाला जुळणी पकडली. चुकीच्या केबलचे ६०० रुपये वाया गेले, आणि नवी १,५०० रुपयांची पडली.

त्यानंतरचे चार आठवडे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे आहेत. एसडब्ल्यूआर १.२ दिसत होता, त्यामुळे काम झाले असे मी धरून चालले. पण ७ मेगाहर्ट्झच्या सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी हॅम रेडिओवर जमतात त्या बैठकीत, ती चालवणाऱ्या नेट कंट्रोलला माझा कॉलसाइन दोन-तीनदा विचारावा लागायचा. एफटी८ या संगणकावरून छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने १४.०७४ मेगाहर्ट्झला तासभर पाठवले तरी, आपला संदेश कुठे ऐकू गेला ते दाखवणाऱ्या पीएसके रिपोर्टर संकेतस्थळाच्या नकाशावर मोजून चार-पाच ठिकाणे उमटायची. आणि माउस पुन्हा थिजू लागला. ट्यूनर तारेजवळ असूनही टेबलावरच्या वेळेसारखीच लक्षणे का दिसावीत, हे मला कळेना.

उत्तर जमिनीच्या बाजूला होते. कुठल्याही तारेत जेवढा प्रवाह जातो तेवढाच प्रवाह परतायला दुसरी बाजू लागते, आणि ती बाजू म्हणून मी ट्यूनरच्या अर्थच्या स्क्रूला पाच मीटरची एकच वायर जोडली होती. ती अपुरी पडत असल्यामुळे केबलचे बाहेरचे आवरण हेच अँटेनाचे दुसरे अंग बनले होते आणि ते थेट माझ्या टेबलापर्यंत पोहोचत होते. ट्यूनर जे काही समोर येईल त्याच्याशी जुळवून घेतो, मग ती तार असो की माझ्या खोलीतली केबल. त्याचा १.२ हा आकडा फक्त जुळणी झाल्याचे सांगतो, ऊर्जा कुठे गेली हे सांगत नाही. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवे होते, म्हणून इथे जरा लांबवून सांगत आहे.

मी काउंटरपॉइजच्या, म्हणजे या परतीच्या बाजूच्या, वायर एकाच्या सहा केल्या, साडेतीन ते दहा मीटर अशा वेगवेगळ्या लांबीच्या, आणि कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून कठड्याच्या बुडाशी पीव्हीसीच्या केसिंग-पट्टीत टाकल्या. नंतर ट्यूनरजवळ केबलवर, तिच्या आवरणावरचा प्रवाह अडवणारा चोक घातला: ४३ क्रमांकाच्या मिश्रणाची २.४ इंची फेराइट रिंग आणि तिच्यावर आरजी-५८ च्या छोट्या तुकड्याचे बारा वेढे. नेटवरचा रिपोर्ट सुधारला, पण माउस तरीही अधूनमधून अडायचा. दोन रविवार मी त्याच चोकचे वेढे कमी-जास्त करत बसले. शेवटी १८ मे रोजी लक्षात आले की गच्चीवरून खाली एक नाही, दोन केबल येतात. चार तारांच्या त्या कंट्रोल केबलवर काहीच नव्हते आणि उरलेला प्रवाह तिच्यावरून घरात उतरत होता. दुसरी रिंग आणून तिच्यावर त्या केबलचे नऊ वेढे घातले, आणि त्या दिवसापासून माउस थांबलेला नाही. दोन रिंगना १,८०० रुपये लागले. त्या संध्याकाळी नेट कंट्रोलने मला पाच आणि नऊ, म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, असा रिपोर्ट दिला, तेव्हा मला खरोखर भरून आले, कारण सिडको सोडल्यापासून हा आकडा मी ऐकला नव्हता.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी पाऊस फार लवकर आला. मी डबा सगळीकडून सिलिकॉनने बंद करून टाकला होता आणि त्याचा मला विश्वास वाटत होता. १ जूनला उघडून पाहिले तर तळाशी बोटभर पाणी साचले होते. केबल वरून सरळ डब्यात शिरत असल्याने तिच्या अंगावरून ओघळ आत येत होता आणि बाहेर जायला वाट नव्हती. ट्यूनरचे स्वतःचे आवरण पक्के असल्यामुळे तो वाचला. आता दोन्ही केबल डब्याच्या खाली वाकवून, मग खालून वर शिरतात, तळाला पाच मिलिमीटरचे दोन भोक आहेत आणि त्यांना मुंग्यांसाठी बारीक जाळी लावली आहे. जोडांवर सेल्फ-अमॅल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळली आहे. साधी काळी चिकटपट्टी नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात विरघळून निघते.

विजांचे नियम मी हमीपत्रात लिहिल्याप्रमाणेच पाळते. दोन्ही केबल बाल्कनीत एका ठिकाणी कनेक्टरने सुटतात. आभाळ भरून आले किंवा आम्ही गावाला निघालो, की त्या सोडून बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला टांगून ठेवते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे.

एकूण खर्च ३४ हजारांच्या आसपास गेला, त्यात दोन-तृतीयांशाहून अधिक एकट्या ट्यूनरचा. ज्यांना एवढा खर्च नको त्यांनी आधी तार, काउंटरपॉइज आणि दोन्ही चोक यांच्यावर पैसे घालावेत, कारण त्यांच्यावाचून महागातला ट्यूनरही काही करू शकत नाही. ८० मीटर बँडवर माझी तार जुळते, पण त्या बँडसाठी ती फारच आखूड आहे, आणि तिथे मला अपेक्षा ठेवता येत नाही. संध्याकाळी सात ते नऊ आजूबाजूच्या एलईडी दिव्यांचा गोंगाट एवढा असतो की मी सकाळी साडेसहाची वेळ धरते.

ऑगस्टपासून आठवड्यातले पाच दिवस मी नेटवर असते. तक्रार एकदाच आली, दुसऱ्या मजल्यावरच्या स्पीकरमध्ये घरघर येत असल्याची. लिहून दिल्याप्रमाणे प्रक्षेपण थांबवले आणि त्या काकांच्या घरी जाऊन स्पीकरच्या वायरवर एक क्लिपची फेराइट लावली. मग मी वर जाऊन बोलले, ते खाली ऐकत राहिले, आणि घरघर नसल्याचे त्यांनी फोनवर सांगितले.

पुढच्या जानेवारीत १२ तारखेला संध्याकाळी मी तार उतरवली आणि वेटोळे करून टाकीमागे ठेवली. चार दिवस गच्चीवर पतंगांचा नुसता गलका होता. १६ तारखेला पुन्हा चढवताना टोकाची नायलॉनची दोरी उन्हाने पांढरी पडून बोटांत तुटू लागल्याचे दिसले, म्हणून मेन रोडवरून नवी आणून बदलली. तार वर गेली, खाली येऊन बटण दाबले, रिले दोन सेकंद खडखडले आणि ७ मेगाहर्ट्झवर जुळणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर नेट कंट्रोलने विचारले की चार दिवस कुठे होता, आणि मी संक्रांतीचे कारण सांगितले.